इंद्रायणीतले कर्जरोखे

देहूच्या मोरे घराण्याकडे पेठेची महाजनकी होती. शेत होते, वाडा होता, दुकान होते, घरात पिढ्यान्‌पिढ्या पुजलेला विठ्ठल होता. पण अशा घरांतला सर्वांत जपलेला ऐवज यांपैकी कोणताच नसे. तो असे दप्तराच्या फडक्यात बांधलेला: कुळांनी लिहून दिलेली खते. कोणी बियाण्यासाठी पैसे नेलेले, कोणी मुलीच्या लग्नासाठी, कोणाचा ऐन पेरणीत बैल मेलेला. खाली सहीच्या जागी काढलेला नांगर, कारण त्या काळी कुणब्याची निशाणी तीच. कणगीतले धान्य उंदीर खातात, सोने चोर नेतात, पण खत पडल्या जागी वाढत राहते. आणि ते वाढते दुसऱ्याच्या शेतात, दुसऱ्याच्या घामावर.

खरी संपत्ती कोणती, या प्रश्नावर धर्मग्रंथांनी जे सांगितले आहे त्यातले पुष्कळसे ऐकून ऐकून गुळगुळीत झाले आहे. पैसा टिकत नाही, लोभ वाईट, समाधान मोठे. सगळे धर्म हे सांगतात, ऐकणारा मान डोलावतो आणि दुकान उघडायला जातो. याच धर्मांनी कर्जाबद्दल मात्र फार नेमके बोलून ठेवले आहे. तिथे उपदेश कमी आणि हिशेब जास्त आहे: किती वर्षांनी सोडायचे, किती पटीपर्यंत घ्यायचे, कोणाकडे तगादा लावायचा नाही. संपत्तीविषयी धर्माला खरोखर काय म्हणायचे आहे हे मला त्या हिशेबांत अधिक स्पष्ट दिसते. म्हणून हे प्रकरण त्या वाटेने जाईल, आणि सुरुवात देहूपासूनच.

आईवडील गेले, थोरले भाऊ सावजी विरक्त होऊन घर सोडून गेले, आणि घराचा सगळा व्यवहार तुकोबांवर कोवळ्या वयातच पडला. त्यातच १६३०-३१ चा दुष्काळ आला. गुरे मेली, व्यापार बुडाला, पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. दिवाळे निघाले आणि गावात पत राहिली नाही, हे तुकोबांनी स्वतःच आपल्या अभंगांत सांगून ठेवले आहे. आपल्या दिवाळखोरीची नोंद इतक्या उघडपणे करणारा दुसरा महाजन शोधावा लागेल. त्यानंतर ते भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. धाकटा भाऊ कान्होबा त्यांना शोधत तिथे पोहोचला. पुढचा प्रसंग महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. कर्जाचे कागद मागवले गेले, इंद्रायणीच्या काठी त्यांचे दोन वाटे झाले, एक कान्होबाला मिळाला आणि दुसरा तुकोबांनी नदीत सोडला.

ही हकिकत विस्ताराने आपल्यापर्यंत आली ती महिपतींच्या ‘भक्तलीलामृता’तून. तो ग्रंथ १७७४ चा, म्हणजे तुकोबांच्या प्रयाणानंतर सव्वाशे वर्षांनी रचलेला. संतचरित्रकाराच्या लेखणीला भक्तीची ओल असते, हे धरूनच तो वाचायचा. पण महिपती ताहराबादचे कुलकर्णी होते, गावचे दप्तर लिहिणाऱ्या घराण्यातले. कागदाची किंमत त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत होती. त्यांनी चाकरी सोडून लेखणी संतांसाठीच चालवायची असे ठरवले, तेही एका अर्थी स्वतःचे दप्तर बुडवणेच होते.

व्यवहारी माणूस इथे एक शंका काढतो, आणि ती टाकाऊ नाही. दुष्काळात निम्मी कुळे मेली किंवा परागंदा झाली असतील. मग त्या कागदांची किंमत ती काय उरली होती? बुडीत खाते बुडवण्यात कसला त्याग? शंका खोडण्यासाठी त्या काळचा रिवाज आठवावा लागतो. बापाचे कर्ज मुलाने फेडायचे, हा धर्मशास्त्राचा दंडक होता. जुगारासाठी किंवा दारूसाठी काढलेल्यासारखी कर्जे तेवढी त्यातून सुटत असत. म्हणजे कूळ मेले तरी खत मरत नव्हते. ते पोरावर चढत होते. दुष्काळातून वाचलेला मुलगा पुन्हा नांगर धरायला उभा राहिला की बापाचे खत त्याच्या दाराशी हजर. तुकोबांनी सोडला तो पैसा आज हातात येणारा नसेलही. त्यांनी सोडला तो पुढच्या पिढीवरचा हक्क.

मला या कथेत नदीत गेलेल्या वाट्याइतकाच कान्होबाला दिलेला वाटा महत्त्वाचा वाटतो. कीर्तनात तो पटकन उरकला जातो, कारण त्यात नाट्य नाही. पण तिथे तुकोबांचा न्याय दिसतो. भावाला बायकामुले होती, त्याचे मन संसारात होते. त्याच्या हिश्शाचे पुण्य आपण परस्पर करून टाकायचे नाही. उदार व्हायचे ते आपल्या वाट्यातून. शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणा तुकोबांनी परत केला, ही कथा याहून लोकप्रिय आहे आणि चित्रांतही शोभते. तरी मला ती कमी अवघड वाटते. राजाचे दागिने परत केल्याने घरात आधी होते त्यातले काही कमी होत नाही. खते सोडल्याने घरातली चूल अडते.

ती चूल तुकोबांच्या दुसऱ्या पत्नी जिजाबाईंची होती. त्यांचे माहेर पुण्याचे, बापाकडे सावकारी. महिपती सांगतात की पुढे जिजाबाईंनी स्वतःच्या नावावर खत लिहून नवऱ्याला व्यापारासाठी दोनशे रुपये मिळवून दिले. तुकोबांनी मीठ घेतले, विकले, नफाही झाला; आणि परतताना कर्जापायी गांजलेला एक माणूस भेटला, त्याला सगळे देऊन ते रिकाम्या हाताने घरी आले. जिजाबाई भडकल्या. कीर्तनकार इथे श्रोत्यांना हसवतात. पण मुद्दल जिजाबाईंच्या शब्दावर आलेले होते. एकाचे कर्ज फिटले ते दुसरीच्या कर्जातून, आणि तिला कोणी विचारले नव्हते. कान्होबाच्या बाबतीत पाळलेली सीमा इथे ओलांडली गेली, असे म्हणायला हरकत नाही. संतचरित्राने हा प्रसंग लपवला नाही, यातच त्याचा प्रामाणिकपणा आहे.

आता देहू सोडून मागे जाऊ. माणूस जन्मतो तोच कर्ज घेऊन, ही कल्पना वैदिक वाङ्‌मयात फार जुनी आहे. ऋषींचे ऋण अध्ययनाने फिटते, देवांचे यज्ञाने, पितरांचे संततीने. ही तीन ऋणे बहुतेकांना माहीत असतात. शतपथ ब्राह्मणात चौथेही सांगितले आहे, ते माणसांचे. आणि ते फेडायचे दारी आलेल्याला अन्न आणि आसरा देऊन. या चौथ्या ऋणाला पुढे फारसे कोणी विचारले नाही, बहुधा पहिल्या तिन्हींसाठी पुरोहित होते आणि चौथ्यासाठी नव्हता म्हणून. या मांडणीत श्रीमंत माणसाची जागा बदलते. तो जगाला पैसे देणारा धनको राहत नाही. त्याच्याकडे आलेले सगळे आधीच कोणाचे तरी देणे असते.

याच शास्त्रांनी व्यवहारासाठी एक रोखठोक नियमही घालून दिला: दामदुप्पट. कर्ज कितीही वर्षे थकले तरी एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ शकत नाही. शंभर दिले तर शंभर व्याज, तिथे रेघ. मनूपासून सगळ्या स्मृतिकारांनी तो सांगितला आणि पुढे मुंबई इलाख्यातल्या इंग्रजी न्यायालयांनीही हिंदूंच्या व्यवहारांत तो मानला. सावकारी पाप आहे असे स्मृती म्हणत नाहीत. वाढीला एक टोक असले पाहिजे, एवढेच त्यांचे म्हणणे. पैशाची भूक अमर्याद असू शकते. दुसऱ्याच्या देण्याला मर्यादा हवी.

पण या हिशेबाची सर्वांत धाडसी मांडणी प्राचीन इस्राएलमध्ये झाली. बायबलच्या जुन्या करारातला ‘अनुवाद’ ग्रंथ सांगतो की दर सातव्या वर्षी आपल्या बांधवाचे कर्ज सोडून द्यायचे. ‘लेवीय’ ग्रंथ त्याच्याही पुढे जातो: सातसात वर्षांची सात आवर्तने संपली की पन्नासाव्या वर्षी विकलेली शेतजमीन मूळ कुटुंबाकडे परत जायची. त्यामागचे कारण देवाच्या तोंडी घातले आहे. जमीन देवाची आहे, तुम्ही तिथे उपरे आणि पाहुणे आहात. म्हणजे जो विकतो त्याचीही ती नव्हती आणि जो घेतो त्याचीही होणार नाही. जमिनीचा भाव ठरवायचा तो पन्नासावे वर्ष यायला किती पिके उरली आहेत ते मोजून. एका परीने ती खरेदी नव्हतीच. तो ठरावीक मुदतीचा खंड होता.

नियम करणाऱ्यांना माणूस ठाऊक होता. सहावे वर्ष उलटत आले की कर्ज द्यायला कोण तयार होणार? त्याच ग्रंथात ताकीद आहे की सातवे वर्ष जवळ आले म्हणून गरीब बांधवाकडे पाठ फिरवू नका. ताकीद द्यावी लागली, याचा अर्थ लोक पाठ फिरवत होते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस हिल्लेल नावाचे मोठे धर्मगुरू जेरुसलेममध्ये होते. कर्ज माफ होईल या भीतीने श्रीमंतांनी हात आखडले आहेत आणि त्यात गरिबाचेच मरण आहे, हे त्यांनी पाहिले. मग त्यांनी तोड काढली. सातवे वर्ष लागण्याआधी धनकोने आपली येणी न्यायसभेच्या हवाली करायची. व्यक्तीचे येणे सुटते, न्यायसभेचे सुटत नाही. तिच्यामार्फत वसुली करता येते. या दस्तऐवजाला ‘प्रोझबुल’ म्हणत.

ही पळवाट झाली, असे म्हणणारे आहेत. मला तसे वाटत नाही. माफीचा नियम अक्षरशः पाळून गरिबाला उसने मिळेनासे होत असेल, तर तो नियम कोणाच्या उपयोगाचा? मृत समुद्राजवळ मुरब्बातच्या गुहांत सापडलेल्या एका कर्जपत्रावर रोमन सम्राट नीरोच्या दुसऱ्या वर्षाची तारीख आहे. त्यात ऋणको लिहून देतो की सातवे वर्ष आले तरी मी पैसे फेडीन. नियम, पळवाट आणि माणसाचा शब्द असे तिन्ही एकाच कागदावर. आणि ‘मिश्ना’ या यहुदी स्मृतिग्रंथात यावरचा एक सुंदर शिष्टाचार नोंदवला आहे. सातव्या वर्षानंतर कोणी कर्ज फेडायला आला, तर धनकोने म्हणायचे, मी सोडले आहे. त्यावर ऋणको म्हणाला, तरीही घ्या, तर घ्यावे. अशा माणसावर ज्ञानी लोक प्रसन्न होतात, असेही तिथे म्हटले आहे. धनकोने हक्क सोडायचा, ऋणकोने देणे विसरायचे नाही. दोघांची अब्रू राहते.

याच परंपरेत वाढलेल्या येशूने एक गोष्ट सांगितली, ती ‘मत्तय’च्या शुभवर्तमानात आहे. एका दासावर राजाचे दहा हजार तालांत कर्ज होते. राजाने ते माफ केले. बाहेर पडल्यावर त्याच दासाने शंभर दिनारांसाठी आपल्या सोबत्याचा गळा धरला आणि त्याला तुरुंगात टाकले. दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज, आणि तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. हिशेब करा: माफ झाले ते सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे देणे, आणि वसूल करायला निघाला तो शंभर दिवसांचे. मराठी चर्चमध्ये ही गोष्ट ऐकताना आकडे कानांवरून निघून जातात, आणि गोष्टीतला सगळा जोर तर त्या आकड्यांत आहे. चौथे ऋण विसरलेला माणूस तो हाच.

इस्लामने व्याजच हराम ठरवले, हे सर्वश्रुत आहे. त्यापेक्षा कमी माहीत असलेली गोष्ट अशी की ऋणको अडचणीत असेल तर त्याला सवड द्या, आणि सोडून दिलेत तर तुमच्यासाठी अधिक बरे, अशी कुराणाची आज्ञा आहे. जकात कोणाकोणाला द्यावी याचे आठ प्रकार कुराणात आले आहेत, त्यांत कर्जात बुडालेल्यांचे स्थान स्वतंत्र आहे. जकातीचा हिशेब आपल्याकडच्या मुसलमान घरांत तोळ्यांवर चालतो: साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, किंवा तेवढ्या किमतीची बचत वर्षभर जवळ राहिली तर तिचा चाळिसावा भाग. मोजण्याआधी आपली स्वतःची देणी वजा करायची. तो चाळिसावा भाग दानही मानला जात नाही. मालकाच्या तिजोरीत पडून राहिलेला तो गरिबाचा हक्क. प्रेषित महंमदांचे निधन झाले तेव्हा त्यांचे चिलखत मदिनेतल्या एका यहुद्याकडे जवाच्या बदल्यात गहाण होते, असे हदीस सांगतात. अरबस्तानाचा मोठा भाग ज्यांच्या शब्दात होता त्यांची ही शिल्लक.

जैनांची रीत निराळी आहे आणि माझ्या मते व्यापारी माणसाला सर्वांत पटणारी. ‘उपासकदशा’ या आगमात आनंद नावाच्या गृहस्थाची कथा आहे. त्याचे चार कोटी भूमीत पुरलेले, चार कोटी व्याजाने लावलेले, चार कोटी घरादारात गुंतलेले, शिवाय दहादहा हजार गाईंचे चार कळप. महावीरांकडे त्याने व्रते घेतली तेव्हा यातले काही टाकून दिले नाही. इतकेच आणि याहून अधिक नको, अशी मर्यादा बांधून घेतली. तुकोबांच्या शेजारी हा आनंद अगदीच सोयीस्कर वाटेल. पण ज्याचे चार कोटी व्याजाने फिरत आहेत त्याने वाढ थांबवायची म्हणजे काय, याचा विचार करावा. व्याज येतच राहणार. ते घरात साठवता येणार नाही, म्हणजे कुठेतरी गेलेच पाहिजे.

हे सारे नियम कागदावर राहिले तर काय होते, ते पाहायला पुन्हा पुणे जिल्ह्यात यावे लागते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू कुळाला वाचवण्याचा होता. सावकारांनी दर तीन वर्षांनी नवे खत लिहून घ्यायला सुरुवात केली, आणि थकलेले व्याज नव्या खतात मुद्दल म्हणून चढू लागले. दामदुप्पट मोडायला याहून सोपी युक्ती नाही: दर वेळी मुद्दलच नवे. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले, कापसाचा भाव उतरला, फेरपाहणीत सारा वाढला, पिके गेली. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारगावी शेतकरी सावकारांच्या घरांत शिरले आणि त्यांनी खते, वह्या बाहेर काढून जाळल्या. पुणे आणि नगर जिल्ह्यांत गावोगाव तेच झाले. कागद मुकाट्याने हवाली करणाऱ्याला बहुतेक ठिकाणी हात लावला गेला नाही, असे सरकारी चौकशीतच नोंदले आहे. लोकांना सोने नको होते. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला, तो या जाळपोळीनंतर.

तुकोबांच्या देहूपासून सुपे फार लांब नाही. एका ठिकाणी धनकोने स्वतःचे कागद पाण्यात सोडले आणि सुमारे दोनशे चाळीस वर्षांनी दुसऱ्या ठिकाणी ऋणकोंनी दुसऱ्याचे कागद पेटवले. मधल्या काळात प्रत्येक सावकाराच्या पेठेत तुकोबांचे अभंग गायले जात होते.

सुप्याच्या उठावानंतर वर्षही उलटले नव्हते तेव्हा, फेब्रुवारी १८७६ मध्ये, अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावी डेबूजी झिंगराजी जानोरकर जन्मले. बाप दारूने गेला, आई मुलाला घेऊन दापुऱ्याला माहेरी आली, आणि तिथे मामाची जमीन सावकाराच्या कागदांत गेली. हाच मुलगा १९०५ मध्ये घर सोडून निघाला आणि पुढे गाडगेबाबा झाला. त्यांच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग असत, पण सांगणे थेट असे: लग्नासाठी कर्ज काढू नका, तेराव्यासाठी काढू नका, देवाच्या नावाने तर मुळीच नको. संपत्तीचा प्रश्न त्यांनी घेणाऱ्याच्या बाजूने उलगडला. सोडून देणारा तुकोबा दर गावात भेटत नाही, तेव्हा कुणब्याने नांगराची निशाणी उठवायलाच नकार द्यावा.

त्यांच्या शब्दावर लोक पैसा ओतत. त्यातून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा उभ्या राहिल्या, दारी आलेल्याला अन्न आणि आसरा देणाऱ्या. स्वतः ते फुटक्या गाडग्यात भाकरी खात आणि या इमारतींत मुक्काम करण्याचे टाळत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. बाकीच्या विश्वस्तांकडे गेल्या, आणि घरच्यांना कशातही वाटा ठेवला नाही. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आज टाटा रुग्णालयात उपचारांसाठी लांबून आलेले कर्करुग्ण आणि त्यांची माणसे उतरतात. सातबारा, वारसनोंद, हिस्सेवाटप यांत तिथे जानोरकरांचे नाव कुठे नाही.